गाविलगड, वैराट आणि रानपिंगळा : मेळघाटातील चार दिवस

पहिला दिवस : नागपूर ते चिखलदरा

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातील गुरुवारी पहाटे साडेपाच वाजता आम्ही तिघे नागपुरातून निघालो. बरोबर माझे थोरले चुलतभाऊ होते, ज्यांना घरात लहानमोठे सगळेच दादा म्हणतात आणि ज्यांनी नुकतीच साठी ओलांडली आहे. तिसरे होते आमचे एक स्नेही. ते महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतात, म्हणून आम्ही त्यांना सर म्हणतो. मेळघाटला जाणारे बहुतेक नागपूरकर अमरावतीमार्गे जातात. आम्ही मात्र काटोल, वरूड, मोर्शी, चांदूर बाजार आणि परतवाडा हा संत्रापट्ट्यातला रस्ता धरला, कारण या दिवसांत आंबिया बहाराची तोड शेवटाला आलेली असते आणि रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागलेले पाहणे हा आमच्याकडच्या हिवाळ्याचा एक भागच आहे. रोही आणि रानडुकरे रात्री बागांत शिरतात म्हणून अनेक शेतांत उंच मचाणी बांधलेल्या दिसल्या. एका मचाणीवरून घोंगडी पांघरलेला राखणदार सकाळच्या उन्हात खाली उतरत होता. रात्रभर जागलेल्या माणसाचा थकवा त्याच्या पावलांतच दिसत होता.

वाटेत वर्धा नदी ओलांडली. नागपूर आणि अमरावती या जिल्ह्यांमधली ही सीमा दोनशे वर्षांपूर्वी याहून फार मोठ्या अर्थाने सीमा ठरली होती. त्याचे कारण दुसऱ्या दिवशी गडावर सांगण्याजोगे असल्याने इथे थांबतो.

परतवाड्यानंतर घाट लागला. सागाची पाने अजून बरीच टिकून होती, पण ती करडी होऊन करकरीत वाळली होती आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर सारा डोंगर खडखडत होता. सरांनी दोन ठिकाणी गाडी थांबवून ऐन आणि धावडा यांच्या साली शेजारी शेजारी दाखवल्या. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटीने भेगाळलेली असते, तर धावड्याची गुळगुळीत आणि फिकट राखाडी. पुढचे तीन दिवस ही ओळख फार उपयोगी पडली. दुपारी चिखलदऱ्याला पोहोचलो. समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवरच्या या गावात उन्हातसुद्धा स्वेटर काढवत नव्हता. संध्याकाळी गरम रबडी घेतली आणि लवकर झोपलो. गवळ्यांच्या या मुलखात खवा आणि रबडी जशी मिळते तशी मला नागपुरात कुठेही मिळालेली नाही.

या फेरीत आमच्या मनात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे गाविलगड घाई न करता पायी पाहणे आणि दुसरी म्हणजे रानपिंगळा हे दुर्मीळ घुबड. त्या पक्ष्यासाठी मी मागच्या दोन हिवाळ्यांत दोनदा मेळघाटात येऊन रिकाम्या हाताने परतलो होतो.

दुसरा दिवस : गाविलगड

व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात मनाला येईल तसे पायी फिरता येत नाही आणि ते योग्यच आहे. गाविलगड हे त्यातल्या त्यात असे ठिकाण आहे, जिथे नाक्यावर नोंद करून माणूस दिवसाउजेडी स्वतःच्या पायांनी रान अनुभवू शकतो. आम्ही एका स्थानिक कोरकू वाटाड्याला बरोबर घेतले होते. पन्नाशीच्या आसपासचे हे गृहस्थ पूर्वी वनखात्यात मजुरी करत. आम्ही त्यांना भाऊ म्हणत होतो. भाऊ पुढे आणि दादा त्यांच्या मागे, अशी चाल ठरली. दादांच्या गुडघ्यांमुळे वेग आपोआप कमी राहिला आणि त्याचा लाभच झाला. भराभर चालणाऱ्या माणसाला या गडावर भिंतींपलीकडे फारसे काही दिसत नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

चिखलदऱ्याचे पठार आणि गड यांना जोडणारी डोंगराची एक अरुंद सोंड आहे. ती उतरून चढू लागलो की तटबंदी एकदम अंगावर येते. बहामनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ मध्ये हा किल्ला बांधवला आणि पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीत तो वाढवला गेला. पण आम्हा नागपूरकरांच्या मनात तो रुतून बसला आहे तो १८०३ मुळे. त्या वेळी गड नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांकडे होता आणि किल्लेदार होता बेनीसिंग. आडगावच्या लढाईनंतर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून चालून आला. खालून डागलेल्या तोफांचा तटावर फारसा परिणाम होईना, तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने दऱ्याखोऱ्यांतून वाट पाडत जड तोफा उत्तरेला लबाडा गावाच्या बाजूने वर चढवल्या. १५ डिसेंबरला बाहेरचा कोट पडला. आतल्या कोटाला खिंडार पडलेच नव्हते. कॅप्टन कॅम्पबेलच्या शिपायांनी घळीतून चढून शिड्या लावल्या, आत उतरून दरवाजा उघडला, आणि त्या दिवशी बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला, गाविलगड आणि नरनाळा तेवढे परत मिळाले. काल सकाळी आम्ही ज्या नदीवरून दोन मिनिटांत गाडी नेली, ती त्या तहात सरहद्द झाली होती.

हे सारे मी दादांना दिल्ली दरवाजाजवळच्या सावलीत बसून सांगत होतो. भाऊंनी माझे बोलणे संपू दिले आणि मग काठीने जमिनीकडे खूण केली.

“हे पाहा जी. रातचंच हाय.”

पायवाटेच्या अगदी मधोमध अस्वलाची विष्ठा पडली होती. सर गुडघे टेकून तिच्यापाशी बसले आणि त्यांनी एका वाळक्या काडीने ती हलकेच उकलली. आत रानबोरांच्या अखंड आठळ्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या जागेत मी अकरा मोजल्या. त्यांच्यामध्ये वाळवीच्या डोक्यांचा तांबूस, चकाकणारा भुसा होता, आणि एका कडेला गवताचे पाते न पचता तसेच राहिले होते. बोराची साल मात्र कुठेच नव्हती. सर म्हणाले, यातल्या काही आठळ्या पावसाळ्यात इथेच रुजतील आणि तटावर बोरीची जी झाडे दिसतात त्यांतली बरीच अशीच आलेली असणार. भाऊंनी कोरकूत अस्वलाला ‘बाना’ म्हणतात असे सांगितले. दहा-बारा पावलांवर वाळवीचे वारूळ मुळापासून उकरलेले होते. ओल्या मातीवर नखांचे लांब ओरखडे अजून ताजे होते.

पुढचे चार तास आम्ही गडावरच होतो. तलावांच्या काठी सांबराचे खूर उमटले होते. मोठ्या मशिदीच्या कमानींमध्ये वानरांचा कळप उन्हाला बसला होता आणि दरीवरून तुरेवाला सर्पगरूड शीळ घालत घिरट्या घेत होता. वास्तूंबद्दल फार लिहीत नाही, कारण झाडोऱ्याने त्यांना असे वेढले आहे की एकेका भिंतीचा अर्थ लावण्यासाठी वेगळी फेरीच करावी लागेल. या वास्तू ढासळताहेत याचे दुःख होते. पण भिंतीत मुळे रोवून उभा असलेला उंबर तोडा असेही म्हणवत नाही, आणि या दोहोंतून वाट काढण्याचे काम जाणकारांनी लवकर हाती घ्यावे असे मनापासून वाटते.

खरे दर्शन उतरताना घडले. साडेचारच्या सुमारास तटाच्या एका पडलेल्या भागातून पलीकडचा उतार दिसत होता. भाऊंनी हात वर करून आम्हाला थांबवले. प्रथम काहीच दिसले नाही, फक्त आवाज आला. कोणीतरी मोठ्या नळीतून जोराने हवा ओढावी आणि सोडावी तसा, थांबून थांबून. मग दुर्बिणीत काळा, विस्कटलेल्या केसांचा एक गोळा हलताना दिसला. अस्वलाला वरच्या जबड्यात मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ओठ लांब करून ते वारुळातली वाळवी ओढून घेते, आणि तो आवाज दरी ओलांडून सुमारे दोनशे पावलांवर आमच्यापर्यंत पोहोचत होता. आधी जोराने फुंकर मारून माती उडवायची आणि मग ओढायचे, हा क्रम त्याने एकदाही चुकवला नाही. पाऊण तास आम्ही तसेच बसून होतो. एकदा त्याने मान वर केली तेव्हा छातीवरचा पांढुरका पट्टा स्पष्ट दिसला. दादा नंतर म्हणाले की त्यांना गुडघ्यांची आठवणसुद्धा झाली नाही.

तिसरा दिवस : वैराट

या दिवशी चालणे कमी आणि जिप्सीतून फिरणे अधिक झाले. वैराट हे मेळघाटातील सर्वांत उंच ठिकाण, समुद्रसपाटीपासून ११७८ मीटर. ते प्रकल्पाच्या आत असल्याने तिथे सकाळच्या फेरीत नोंदणीकृत वाहनातूनच जावे लागते. थंडी इतकी होती की उघड्या गाडीत बोलताना जीभ जड होत होती. वाटेत धुळीवर वाघाचे पगमार्क मिळाले. पावलांच्या कडा तीक्ष्ण होत्या आणि वर दवाचा एकही थेंब पडलेला नव्हता, त्यावरून ते पहाटेचेच असावेत असे भाऊंनी सांगितले. कोरकूत वाघाला ‘कुला’ म्हणतात. पुढे खोऱ्यातून सांबराने दोनदा इशारा दिला, पण कुला काही रस्त्यावर आला नाही.

एका वळणावर मात्र सात रानकुत्री उभी होती. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी आणि आमच्याकडे रोखलेले पिवळसर डोळे. त्यातली दोन अर्धवट वाढलेली पिल्ले एकमेकांच्या मानेशी खेळत होती. शेवटच्या कुत्र्याने बारीक शिट्टी घातली आणि सारी टोळी पाने न वाजवता उतारावरून दिसेनाशी झाली.

वैराटला कधीकाळी गाव होते. व्याघ्र प्रकल्पातून जी गावे पुनर्वसनात बाहेर गेली, त्यांत तेही होते. आज तिथे विस्तीर्ण कुरण आहे. गवत कमरेएवढे वाढलेले आणि वाळून सोनेरी झालेले होते. त्या गवतात बावीस रानगवे चरत होते. सकाळचे कोवळे ऊन पाठीवर घेऊन उभा असलेला एक खोंड पुरुषभर उंच होता. सारे अंग काळेभोर, गुडघ्याखालचे चारही पाय मात्र पांढरे. वासरे तांबूस होती आणि माद्यांच्या मधोमध राहत होती. गवताचा झुपका जिभेने वळवून तोडताना होणारा कचकच आवाज गाडी बंद केल्यावर स्पष्ट ऐकू येत होता.

भाऊंनी कुरणाच्या कडेची आंब्याची झाडे दाखवली. ती जंगलाने लावलेली नव्हती. ती कोणाच्या तरी अंगणातली होती. भाऊंचे एक नातलग अशाच एका उठलेल्या गावचे. त्यांना सपाटीवर जमीन मिळाली, मुले शाळेत जाऊ लागली, दवाखाना जवळ आला. पण म्हातारा अजूनही दर उन्हाळ्यात आंबे पाडाला आले असतील का एवढेच विचारतो, असे भाऊ म्हणाले. गवे परत आले याचा मला निखळ आनंद झाला, आणि तो लपवण्याचे कारण नाही. मात्र त्या आनंदाची किंमत आमच्यासारख्या शहरातल्या माणसांनी दिलेली नाही. ती ज्यांनी दिली त्यांच्याबद्दल बोलताना आपला आवाज खाली असला पाहिजे, असे त्या आंब्यांकडे पाहताना वाटले.

दुपारनंतर विशेष काही घडले नाही. सरांनी पाने दाबून ठेवली, दादांनी विश्रांती घेतली.

चौथा दिवस : रानपिंगळा

रविवारी पहाटे पावणेसहाला आम्ही भाऊंबरोबर एका कोरकू गावाकडे निघालो. हे गाव गाभा क्षेत्राबाहेर आहे आणि त्याच्या मागच्या टेकडीवर पायी जाता येते. गावाचे नाव मी लिहीत नाही. या पक्ष्याचे ठिकाण उघड झाले की छायाचित्रकारांची रीघ लागते, मोबाइलवर त्याचाच आवाज पुन्हा पुन्हा वाजवला जातो आणि आपल्या हद्दीत दुसरा कोणी शिरला असे समजून तो घरटे सोडून भांडायला येतो. भाऊंनीही निघण्यापूर्वी हेच मागितले होते. “जागा कोनाले सांगू नका जी,” एवढेच.

चढण फार नव्हती. कुटकीची कापणी झालेली शेते मागे पडली, मग सागाचे विरळ रान सुरू झाले. मध्ये मध्ये मोह आणि सालईची मोठी झाडे, खाली गुरांनी चरून आखूड केलेले गवत. रानपिंगळ्याला दाट जंगल लागत नाही, असेच उघडेवाघडे सागाचे रान लागते. म्हणूनच ते सर्वांत लवकर तोडले जाते, कारण नकाशावर ते विरळ आणि म्हणून कमी मोलाचे दिसते.

चालताना सर या पक्ष्याची हकीकत सांगत होते, ती थोडक्यात लिहितो. १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ मध्ये डेव्हिडसन यांनी खानदेशात शेवटचा नमुना मिळवला आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तो कोणाला सापडलाच नाही. मधल्या काळात रिचर्ड माइनर्टझहागन या नामांकित संग्राहकाने आपल्याला तो १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याची नोंद केली होती, त्यामुळे शोधणारे भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. पक्षीतज्ज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला तेव्हा तो डेव्हिडसन यांच्याच संग्रहातला, चोरून पुन्हा भरलेला निघाला. ती खोटी नोंद बाजूला सारून त्या सहकाऱ्यांसह जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे गेल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. पुढे तो मेळघाटातही सापडला आणि २०१४ मध्ये थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही. एका माणसाच्या खोट्या नोंदीने एक अख्खा पक्षी इतकी वर्षे दृष्टीआड राहू शकतो, हे ऐकल्यापासून मी माझ्या वहीत न पाहिलेले एक अक्षरही लिहिलेले नाही.

साडेसातला ऊन टेकडीवर आले. भाऊ एका नाल्याच्या काठी थांबले आणि कान देऊन उभे राहिले. दूरवर एक भेकर भुंकले, मग शांतता. दहा मिनिटांनी डावीकडून दोन स्वरांचा, ओघळता, मऊ आवाज आला. तो घुबडाचा आहे हे मला कोणी सांगितले नसते तर पटले नसते. भाऊंनी बोट दाखवले नाही, फक्त हनुवटी उचलली.

सागाच्या पर्णहीन शेंड्यावर, भर उन्हात तो बसला होता. घुबड असून दिवसा फिरणारा, उन्हाकडे तोंड करून बसणारा हा पक्षी अंतरावरून एखाद्या खुंटासारखा वाटतो. आम्ही सुमारे चाळीस पावलांवर होतो. तिथून पुढे जायचे नाही असे आधीच ठरले होते. दुर्बिणीतून मी एकेक खूण तपासत गेलो. डोके एकसारखे करडे-तपकिरी, त्यावर ठिपके नव्हते. आपल्या नेहमीच्या पिंगळ्याचे डोके ठिपक्यांनी भरलेले असते, म्हणून ही खूण पहिली. छातीवर गडद तपकिरी पट्टा आणि त्याखाली पोट शुभ्र, जणू कोणी तिथे रंग द्यायचा थांबवला होता. पाय आखूड, जाड आणि बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले. चोच शरीराच्या मानाने मोठी. आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, जे आम्हाला सहज दिसत होते, कारण तो ती सारखी डावी-उजवीकडे झटकत होता. डोळे पिवळे होते आणि ते आमच्यावर नव्हते, खालच्या गवतावर होते.

आठ वाजून पाच मिनिटांनी तो सरळ खाली पडल्यासारखा झेपावला. गवत एकदा हलले. वर आला तेव्हा पंजात एक सरडा होता, त्याची शेपटी अजून वळवळत होती. फांदीवर न थांबता तो तीस-एक पावलांवरच्या सालईच्या झाडाकडे गेला. खोडात दोन पुरुष उंचीवर एक ढोली होती. ढोलीच्या तोंडाशी दुसरा तसाच चेहरा क्षणभर दिसला, सरडा आत गेला आणि पहिला पक्षी पुन्हा सागाच्या शेंड्यावर येऊन बसला. जणू मधले काही घडलेच नव्हते. दादांनी माझा दंड घट्ट धरला होता. तो त्यांनी धरला केव्हा हे मला कळले नाही.

मग भाऊंनी मागे फिरण्याची खूण केली. मला आणखी थांबायचे होते, हे कबूल करतो. पण ढोलीत जोडी असताना अर्ध्या तासापेक्षा जास्त तिथे राहायचे नाही हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी आमच्या आधी आलेल्यांनाही लावला असेल याबद्दल मला शंका वाटली नाही. उतरताना त्यांनी सांगितले की त्या सालईवर मागच्या वर्षी गावातल्या एकाने सरपणासाठी कुऱ्हाड लावली होती. भाऊंनी त्याला आपल्या घरची दोन बैलगाड्या लाकडे दिली आणि झाड वाचवले. झाडावर घाव अजून आहे. तो आम्ही पाहिला होता, पण कशाचा आहे ते समजले नव्हते.

दुपारी परतवाड्याला जेवून, त्याच संत्रापट्ट्यातून, रात्री साडेनऊला नागपुरात पोहोचलो. सामान उतरवताना आमच्या फाटकासमोरच्या कडुलिंबावर पिंगळा ओरडला. तो रोजच तिथे असतो आणि मी त्याच्याकडे क्वचितच पाहतो. या वेळी मी बॅगेतून विजेरी काढली, प्रकाश त्याच्यावर न टाकता बाजूच्या फांदीवर धरला आणि दुर्बीण लावली. डोक्यावर ठिपके होते, पांढरे, बारीक आणि अगदी कपाळापर्यंत.